विभागांच्या आधी सांध्यांना नावे द्या : नाल्याकाठच्या पायी व सायकल मार्गाचे नामकरण

प्रश्न असा आहे. वर्धा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सुमारे ९ किलोमीटरचा पायी व सायकलने जाण्याचा मार्ग तयार होत आहे. तो बसस्थानकामागून निघतो, नाल्याच्या काठाने गुजरीपर्यंत (भाजीबाजारापर्यंत) येतो, कापसाच्या जुन्या जिनाच्या (जिनिंग कारखान्याच्या) भिंतीलगत रपट्यावर (नाल्यावरच्या ठेंगण्या फरशी पुलावर) उतरतो, राज्य महामार्ग ओलांडून कालव्याच्या निरीक्षण पथाला लागतो, तलावाच्या पाळीवरून पुढे सरकतो आणि शेजारच्या गावच्या टेकडीखाली संपतो. या मार्गाचे पाच विभाग करून त्यांना नावे द्यायची आहेत. नगरपंचायतीत तीन मते आहेत : पाच महापुरुषांची नावे द्यावीत, पाच फुलांची द्यावीत, किंवा कामाच्या निविदेत आहे तसे 'टप्पा १' ते 'टप्पा ५' असेच राहू द्यावे. यांतले काय निवडावे, असे आपण विचारले आहे.

रस्तेखुणा आणि दिशाफलकांच्या कामातच माझी सगळी नोकरी झाली. त्या अनुभवावरून सांगतो की या तिन्ही याद्या बाजूला ठेवाव्यात. विभागांच्या नावांकडे तर अगदी शेवटी वळावे. आधी मार्गावरचे सांधे ठरवावेत, त्यांना नावे द्यावीत, आणि ती नावे लोकांच्या तोंडी बसलेली आहेत याची खात्री करून घ्यावी. तेवढे झाले की दोन सांध्यांमधल्या तुकड्याचे नाव बहुधा आपोआप समोर येते.

सांधा म्हणजे बाहेरून गाडीने येऊन मार्गावर पोहोचता येते अशी जागा. याचे महत्त्व अपघाताच्या वेळी कळते. कालव्याच्या काठावर एखादा शाळकरी मुलगा सायकलवरून पडला आणि कोणी १०८ ला किंवा ११२ ला फोन लावला, तर रुग्णवाहिका मार्गावरून धावत येणार नाही. मार्ग तेवढा रुंदच नसतो आणि नसावाही. ती कुठल्या तरी सांध्यापर्यंत येईल आणि तेथून माणसे स्ट्रेचर घेऊन चालत जातील. घाबरलेला माणूस फोनवर 'टप्पा ३' म्हणत नाही, 'मोगरा विभाग' तर मुळीच म्हणत नाही. तो म्हणतो, 'रपट्याच्या पलीकडं, गेटाच्या अलीकडं.' एवढे ऐकून तालुक्यातला कोणताही चालक योग्य ठिकाणी पोहोचत असेल, तर नामकरणाचे निम्मे काम लोकांनी आधीच करून ठेवले आहे, असे समजावे.

आपण दिलेल्या वर्णनावरून मला सहा सांधे दिसतात : बसस्थानक, गुजरी, रपटा, कालव्याचे गेट, तलावाचा सांडवा आणि टेकडी. महामार्ग जिथे ओलांडला जातो ती जागा सातवा सांधा होऊ शकेल. पण रपटा तेथून हाकेच्या अंतरावर असेल, तर दोन नावे ठेवून गोंधळ वाढवू नये. नगरपंचायतीची हद्द जिथे संपते आणि ग्रामपंचायतीची सुरू होते, तिथे सांधा मानण्याचा मोह कार्यालयात हमखास होतो, कारण देखभालीचा खर्च तिथे वाटला जातो. चालणाऱ्याला ती हद्द दिसत नाही. जमिनीवर काहीच बदलत नसेल, तर तिथे नावही बदलू नये; खर्चाची वाटणी कागदावर राहू द्यावी.

तुकड्यांची लांबी सारखी असावी, हाही असाच एक टेबलावरचा आग्रह आहे. गावातला माणूस चालत असतो, तासाला चार-पाच किलोमीटरच्या चालीने. बाहेर कालव्यावर मुख्यतः सायकली असतात, त्या तासाला बारा-पंधरा किलोमीटर सहज जातात. त्यामुळे गुजरीजवळचा विभाग एक किलोमीटरचा आणि कालव्याचा अडीच-तीन किलोमीटरचा असला तर काहीही बिघडत नाही. लंडनभोवती फिरणाऱ्या 'कॅपिटल रिंग' या सुमारे ७८ मैलांच्या पायी मार्गाचे १५ विभाग आहेत. पहिल्या विभागाचे नाव 'वूलिच ते फॉल्कनवुड' असे साधे आहे : इथून निघा, तिथे पोहोचा. विभाग शक्यतो बस किंवा रेल्वे मिळेल अशा ठिकाणी संपतात, म्हणजे दमलेला माणूस घरी परतू शकतो. आपल्याकडेही ज्या सांध्यावर एसटी थांबते किंवा ऑटो मिळतो, त्याला इतरांपेक्षा मोठा मान द्यावा.

आता आपल्याकडच्या तीन याद्यांविषयी, कारण सभेत त्यांना नुसते 'नको' म्हणून भागणार नाही.

महापुरुषांच्या नावांना माझा विरोध आदर कमी असल्यामुळे नाही. विदर्भातल्या बहुतेक गावांत गाडगेबाबा, तुकडोजी महाराज, डॉ. पंजाबराव देशमुख आणि बाबासाहेब यांच्या नावाचा चौक, शाळा, सभागृह किंवा वाचनालय आधीच असते. तेच नाव नाल्याकाठच्या तुकड्याला दिले, तर 'गाडगेबाबापाशी थांब' या वाक्याला दोन पत्ते होतात आणि भाजीवाली एकीकडे व तिचा मुलगा दुसरीकडे थांबतो. शिवाय पाच विभाग आणि पाच नावे म्हटले की सहावे नाव का नाही, कोणाचा विभाग लांब आणि कोणाचा आखूड, कोणाच्या विभागात सांडपाणी वाहते, असे प्रश्न उभे राहतात, आणि त्यांचे उत्तर कोणीही सभ्यपणे देऊ शकत नाही. ज्याला आदर दाखवायचा आहे त्याने संपूर्ण मार्गाला एकच नाव द्यावे, किंवा एखादा ओटा, पाणपोई, वाचनकट्टा त्या नावाने बांधावा. संपूर्ण मार्गाचे अधिकृत नाव लांब असले तरी चालते, लोक ते आपल्या सोयीने आखूड करतात. नागपूर-मुंबई या ७०१ किलोमीटरच्या रस्त्याचे पूर्ण नाव हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग असे आहे. प्रवासी मात्र 'समृद्धीनं आलो' एवढेच सांगतो. विभागाच्या नावाला ही मुभा नसते, कारण ते बोलण्यासाठीच असते.

फुलांची नावे निरुपद्रवी वाटतात, आणि तीच त्यांची अडचण आहे. मोगरा, जाई, गुलाब, चाफा, कमळ यांचा कोणत्याही जागेशी संबंध नसतो, म्हणून कोणते आधी आणि कोणते नंतर हे कोणालाच आठवत नाही. त्या तुकड्यावर खरोखर पळसांची रांग असेल आणि शिमग्याच्या आसपास ती लांबून पेटलेली दिसत असेल, तर 'पळस' हे नाव मी आनंदाने मान्य करीन. झाड उद्या वठेल, हा आक्षेप फारसा टिकत नाही. एका जुन्या कोतवालाबरोबर कालव्याच्या काठाने चाललो असताना ते एका उघड्याबोडक्या मोरीपाशी थांबले आणि म्हणाले, 'ही चिंचमोरी.' चिंच कुठे दिसत नव्हती. त्यांनी काठीने गवत बाजूला केले, तेव्हा बुंध्याचा काळा पडलेला गोल तेवढा जमिनीलगत दिसला. त्या वाटेने जाणारे गुराखी अजून त्याच नावाने जागा सांगत होते. पिंपळगाव, बोरगाव, हिवरा, जांब ही गावांची नावेही मूळ झाडांवर अवलंबून राहिलेली नाहीत. तेव्हा झाडाचे नाव चालते. ते आधीपासून बोलण्यात असावे, एवढीच अट.

'टप्पा १, टप्पा २' हे सर्वांत धोक्याचे, कारण ते कोणी निवडलेले नसते, निविदेतून उतरलेले असते. टप्पे निधी मिळेल त्या क्रमाने पडतात. तलावाचे काम आधी मंजूर झाले म्हणून तलाव 'टप्पा १' होतो आणि बसस्थानकाजवळची सुरुवात 'टप्पा ४'. पाच वर्षांनी निविदा कोणाला आठवत नाही, पण फलक तसाच उभा असतो. 'नवीन' या शब्दाचेही तेच. कित्येक तालुक्यांच्या गावी 'नवीन बसस्थानक' आता इतके जुने झाले आहे की त्याच्या भिंतीवर पिंपळ उगवला आहे. तसेच 'ऑक्सिजन ट्रॅक', 'आरोग्यवर्धिनी पथ', 'सेल्फी पॉइंट' ही नावे गावोगावच्या फलकांवर दिसतात, म्हणूनच ती कुठलीच जागा सांगत नाहीत.

रंगांचा पर्याय कोणी सुचवेल. नागपूर मेट्रोच्या ऑरेंज आणि ऍक्वा या मार्गिका लोकांना कळतात, आणि हैदराबादच्या बाह्य वळण रस्त्यालगतच्या २३ किलोमीटरच्या सौर छताच्या सायकल मार्गाचे २०२३ मध्ये 'पिंक लाइन' आणि 'ब्लू लाइन' असे दोन भाग केले गेले. जिथे दोन मार्ग एकमेकांना छेदतात किंवा फुटतात आणि नकाशा डोळ्यांसमोर असतो, तिथे रंग उपयोगी पडतो. आपला मार्ग एकच सरळ धागा आहे. त्यावर रंग लक्षात ठेवायचे ओझे कशाला? शिवाय विदर्भातल्या उन्हात लाल रंग सर्वांआधी उडतो आणि गुलाबी होऊन बसतो. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये चौकाचौकाला क्रमांक देऊन सायकलस्वाराला '१२ वरून ४७ वर' असा रस्ता सांगतात. पण तिथे वाटांचे दाट जाळे आहे, म्हणून ती पद्धत शोभते.

दिशांची नावे वापरावीत का, हेही तपासून पाहावे. अटलांटा शहरात जुन्या रेल्वेमार्गांवर झालेल्या 'बेल्टलाइन' या वर्तुळाकार मार्गाचे भाग ईस्टसाइड, वेस्टसाइड, साउथसाइड अशा नावांनी ओळखले जातात, कारण त्या शहराच्या पूर्व आणि पश्चिम बाजू लोकांच्या मनात आधीच वेगळ्या आहेत. आपला नाला मात्र वळत जातो. उत्तरेकडचा म्हणून नाव दिलेला तुकडा अर्ध्यात पूर्वेकडे तोंड करतो.

आता नावे गोळा करण्याविषयी, कारण खरा वेळ इथे द्यावा लागतो. सभेत बसून 'काय नाव द्यावे' असे विचारले, की प्रत्येकाला भाषण सुचते. त्याऐवजी कोतवाल, पोस्टमन, कालव्याचा चौकीदार, ढोरं चारणारा आणि गुजरीत पहाटे माल आणणारी एखादी बाई, अशा माणसांबरोबर मार्ग चालावा आणि त्यांना वापरातले प्रश्न विचारावेत : हरवलेली म्हैस कुठे सापडली म्हणून सांगता? पावसाळ्यात कुठून पुढे जाता येत नाही? सासरहून आलेल्या लेकीला उतरायला कुठे सांगता? या उत्तरांत जी नावे येतात ती उच्चारासकट तशीच लिहून घ्यावीत. ती शुद्ध करण्याची घाई करू नये. त्याबरोबर तलाठ्याकडचा गाव नकाशाही पाहावा. जुन्या मध्य प्रांताच्या जिल्ह्यांत वाजिब-उल-अर्ज हा दस्तऐवज असतो. त्यात वहिवाटीचे रस्ते, पाण्याचे व मासेमारीचे रूढ हक्क नोंदवलेले असतात आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही त्याला स्थान आहे. बुजलेली पांदण (शेतवाट) किंवा विसरलेला घाट अशा कागदात नावासह सापडतो.

लोकांच्या तोंडचे प्रत्येक नाव मात्र घ्यायचे नसते. जुन्या वस्त्यांची नावे बऱ्याचदा जातीवरून पडलेली असतात, आणि ती फलकावर रंगवणे म्हणजे अपमान पक्का करणे आहे. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. पायी मार्गानेही तीच दिशा धरावी. एके काळी गोदरी (उघड्यावर शौचाला जाण्याची जागा) म्हणून ओळखली जाणारी जागा आता स्वच्छ झाली असेल, तर तिचेही जुने नाव सोडून द्यावे. मोक्षधामाजवळून जाणाऱ्या तुकड्याचा निर्णय अवघड असतो. सगळे त्याला तसेच ओळखतात, पण पहाटे साडेपाचला फिरायला निघालेल्या बायांना 'मोक्षधाम विभाग' असा फलक वाचायला लावण्यात काही शहाणपण नाही. तिथे जवळच्या रपट्याचे नाव घ्यावे आणि मोक्षधामाचा उल्लेख फक्त नकाशावर करावा.

देऊळ आणि दर्गा यांच्या नावांबाबत माझी एकच कसोटी आहे. बाजारात बसणारा दुसऱ्या धर्माचा माणूसही ती जागा त्याच नावाने सांगतो का? सांगत असेल, तर ते नाव सर्वांचे झालेले आहे आणि वाद सहसा होत नाही. आपल्या मार्गावर आदिवासी वस्ती नसली, तरी यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडे कोलामांच्या पोडाजवळून (पाड्याजवळून) किंवा गोंड वस्तीजवळून वाट जात असेल, तर टेकडीला, ओढ्याला ती माणसे काय म्हणतात हे आधी विचारावे आणि ते नाव संस्कृत वळणावर नेऊन बदलू नये.

एकच नाव दोन ठिकाणी आले, तर ते टाकून देण्याचे कारण नाही. ही अडचण विदर्भाने फार पूर्वी सोडवली आहे. अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार आहेत, वर्ध्यात सिंदी (रेल्वे) आणि सिंदी (मेघे) आहेत, आणि कारंजा (घाडगे) वर्ध्यात तर कारंजा (लाड) वाशीममध्ये. आपल्या मार्गावर दोन मोऱ्या असतील तर एक चिंचमोरी आणि दुसरी जोडमोरी, एवढे पुरेसे आहे.

नाव निवडले की ते मराठीत चालते का, हे पाहावे. त्याला 'वर', 'पासून', 'पर्यंत' हे प्रत्यय सहज लागले पाहिजेत. 'रपट्यापासून', 'गेटापर्यंत', 'कालव्यावर' हे कोणीही म्हणेल. 'आरोग्यवर्धिनी पथ विभाग दोनवर' असे कोणी म्हणणार नाही. मग ते नाव पेंटरकडून एका पाटीवर लिहून घ्यावे आणि सायंकाळी तीस पावलांवरून वाचून पाहावे. देवनागरीत लांबून 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' एकमेकांसारखे दिसतात, आणि 'ख' सुटा लिहिला तर 'रव' वाचला जातो. जोडाक्षरांनी भरलेले नाव सायकलवरून जाताना कोणी पूर्ण वाचत नाही. लागून असलेल्या दोन विभागांची नावे एकाच अक्षराने सुरू होऊ नयेत, हेही पाहावे. फोनवर वारा असताना 'तलाव' आणि 'तळ' सारखेच ऐकू येतात.

या सगळ्यानंतर मी आपल्यासाठी जी नावे सुचवीन ती अशी. बसस्थानक ते गुजरी हा तुकडा 'गुजरी', गुजरी ते रपटा 'जीन', रपटा ते कालव्याचे गेट 'रपटा', गेट ते सांडवा 'कालवा', आणि सांडवा ते टेकडी 'तलाव'. जिनाची भिंत अजून उभी आहे आणि लोक 'जिनापाशी' म्हणतात, म्हणून ते नाव घेतले. कापूस तिथे आता येत नसला तरी हरकत नाही. फलकावर 'वाट' हा शब्द जोडून 'जीन वाट', 'कालवा वाट' असे लिहिता येईल. बोलताना लोक तो गाळतील, गाळू द्यावा.

अभियंत्यांना मात्र आपले साखळी क्रमांक (सुरुवातीपासून मोजलेल्या अंतराचे आकडे) हवेच असतात, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मोरी खचली तर 'कालवा वाट' एवढ्यावर अंदाजपत्रक होत नाही. त्यासाठी बसस्थानकापाशी शून्य धरून संपूर्ण मार्गावर दर २०० मीटरला छोटा दगड लावावा आणि प्रत्येक विभागात मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करू नये. शून्य बसस्थानकाकडे ठेवण्याचे कारण असे की तिकडे मार्ग वाढायला जागा नाही. टेकडीपुढे तो उद्या वाढला, तर आकडे नुसते पुढे जातील, एकही दगड बदलावा लागणार नाही. दगडावर विभागाचे नाव लहान आणि आकडा मोठा, तर सांध्याच्या फलकावर याच्या उलट असावे.

पक्के फलक लगेच करू नयेत. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास प्लायवूडवर रंगवलेल्या तात्पुरत्या पाट्या लावाव्यात आणि पोळ्यापर्यंत थांबावे. मधल्या काळात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही येतात, रपटा एकदा तरी पाण्याखाली जातो, आणि 'रपटा वाट बंद' असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की तो लोकांना कळतो की नाही, हे लगेच समजते. कोणी वेगळेच नाव घेऊ लागले, तर तेही नोंदवावे आणि गरज वाटली तर पाटी बदलावी. त्यानंतर हरकती व सूचना मागवून नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत ठराव घ्यावा. तलावापलीकडचा भाग ग्रामपंचायतीत येत असल्याने तिथल्या ग्रामसभेचाही ठराव लागेल. दोन्ही ठरावांत नावांचे लेखन अक्षरशः सारखे असावे, सोबत एकच नकाशा जोडावा, आणि कालव्याच्या जमिनीवर फलक उभारण्यासाठी जलसंपदा विभागाची लेखी परवानगी घ्यावी. गूगल मॅप्स आणि ओपनस्ट्रीटमॅपवर नावे टाकण्याचे काम एकाच व्यक्तीकडे सोपवावे आणि तिने ठरावातले लेखन समोर ठेवूनच ती भरावीत. एकदा तिथे 'जिन', 'जीन' आणि 'जिनिंग' अशी तीन रूपे पसरली, की ती पुसून काढायला फलक रंगवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.